महामार्ग सहापदरी होतोय, पण मालाची गाडी थांबवायची कुठं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुणे-बंगळूर महामार्गाच्या शेंद्रे (सातारा) ते कागल (कोल्हापूर) या टप्प्याच्या सहापदरीकरणाबद्दल आपल्या दैनिकात नेहमी वाचते. कुठला उड्डाणपूल रखडला, कुठं सर्व्हिस रोड उखडला, रस्ता असा असताना टोल का घेता, हे सगळं लिहायलाच हवं. पण या रस्त्यावर ज्यांचं पोट आहे त्यांची रोजची अडचण कुणी मांडलेली माझ्या वाचनात आली नाही, म्हणून हे पत्र. अडचण एका वाक्यात सांगता येते. या रस्त्यावर मालाची गाडी पळवायला जागा आहे, थांबवायला नाही.

शिरोली एमआयडीसीजवळ आमचं लहानसं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे. चार गाड्या घरच्या, बाकी बाहेरच्या लावतो. फौंड्रीचं कास्टिंग चाकण-भोसरीला जातं, साखर आणि मशिनचे सुटे भाग न्हावा-शेवा बंदराला जातात, परतीला जे भाडं लागेल ते. आमचे मिस्टर पूर्वी स्वतः गाडीवर असायचे. पाठीचं दुखणं सुरू झाल्यापासून ते घरी असतात आणि बिल्टी (मालाची पावती), ई-वे बिल, डिझेलचा हिशोब, ड्रायव्हरचे फोन हे सगळं माझ्याकडं आलं. फोन बहुतेक मध्यरात्रीनंतरचे. "वहिनी, सुरूर सोडलं, आता डोळं मिटाय लागल्यात. गाडी लावू कुठं?"

काय सांगणार? ढाब्यासमोर लावली तर ढाबेवाला म्हणतो, जेवलास तर थांब, नाहीतर पुढं हो. पेट्रोलपंपावर लावली तर पंपाची वाट अडते. राहिली साइडपट्टी. तिथं लावली तर मागून कोण येऊन धडकेल याचा नेम नाही, आणि डिझेलचोर वेगळे. टाकीला कुलूप घातलं तर चोर कुलूप तोडत बसत नाही, खालचा पाइपच कापतो. एकदा आमच्या गाडीची ताडपत्री फाडून वरचा माल काढला, तेव्हा ड्रायव्हर केबिनमध्येच झोपला होता. तेव्हापासून तो साइडपट्टीवर झोपत नाही. झोप आवरत पुढचा टोलनाका गाठतो. टोलनाक्यावर निदान दिवे असतात आणि माणसं असतात. पण तिथंही गाडी लावू देत नाहीत.

पूर्वी असं नव्हतं. जकात नाके होते तेव्हा ड्रायव्हर त्यांना शिव्याच घालायचे, आणि त्यात चूक काहीच नव्हती. तासन् तास रांग, वर चिरीमिरी. नाके गेले, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, वाहतूकदार म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण त्या रांगेत ड्रायव्हरला जबरदस्तीची का होईना, विश्रांती मिळायची. नाक्याशेजारी मोकळं माळरान असायचं, चहाची टपरी, पाण्याचा नळ, एखादं वडाचं झाड. गाडी लागायची, कागद फिरायचे, माणूस तेवढ्यात दोन तास आडवा व्हायचा. नाके काढले तेव्हा ही सोयही गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही. चौपदरीकरणात ढाब्यांची अंगणं कमी झाली, आता सहापदरीकरणात उरलेलीही जात आहेत. रस्ता रुंद होत गेला आणि कडेची जागा आटत गेली.

आमच्या एका ड्रायव्हरचा पाय अशाच साइडपट्टीवर गेला. कराडच्या पुढं मागचा टायर फुटला. जवळपास आत घ्यायला जागा नव्हती, म्हणून जमेल तेवढी गाडी कडेला घेऊन, मागं फांद्या आणि लाल त्रिकोण ठेवून तो जॅक लावत होता. मागून कार आली ती सरळ गाडीच्या मागच्या बंपरखाली. कारमधला तरुण जागीच गेला. आमच्या माणसाचा पाय जॅक आणि चाकाच्या मधे सापडला. पुढं त्याच्यावरच गुन्हा दाखल झाला, धोकादायक रीतीने वाहन उभं केल्याचा. केसचं व्हायचं ते होईल, त्याबद्दल मी इथं काही म्हणत नाही. पण टायर फुटलेली भरलेली गाडी त्यानं कुठं न्यायला हवी होती, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. तो आता आमच्याच ऑफिसात बसून बिल्ट्या लिहितो. त्या कारमधल्या मुलाच्या आईवडिलांना भेटायला आम्ही दोघं गेलो होतो. त्या घरात बसून मी जे ऐकलं ते इथं लिहवत नाही.

लोकांना वाटतं, ट्रकवाले आळशी, जिथं मन होईल तिथं गाडी लावून झोपतात. थांबावं का लागतं हे जरा समजून घ्या. चाकण, रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांत माल ठरलेल्या वेळीच आत घेतात. सकाळी सातची वेळ असेल तर पहाटे चारला गेटवर पोचलेल्या गाडीला आत घेत नाहीत, आणि साडेसातला पोचली तर पुढच्या वेळेपर्यंत ताटकळत ठेवतात. उशीर झाला की पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन, कारखान्याची लाइन बंद पडेल म्हणून दम. मग मालक आणि ड्रायव्हर काय करणार? लवकर निघायचं आणि वाटेत वेळ काढायचा. कारखान्यानं स्वतःचं गोदाम लहान केलं, खर्च वाचवला, आणि त्याचा साठा आता आमच्या गाड्यांत, महामार्गाच्या कडेला उभा असतो. हॉल्टिंग, म्हणजे थांबल्या वेळेचं भाडं मागितलं तर पार्टी म्हणते, पुढच्या वेळी दुसरी गाडी बघतो.

दुसरीकडं ई-वे बिलाचं घड्याळ चालू असतं. मालाबरोबरच्या या जीएसटीच्या कागदाची मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस. शिवाय शहरांच्या नो-एन्ट्रीच्या वेळा. सणासुदीला, सलग सुट्ट्यांना द्रुतगती मार्गावर अवजड वाहनांना बंदी. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर बंदी, मग त्यातली काही वाहतूक आमच्या रस्त्यावर. या बंदीमागची कारणं मला पटतात. गावी निघालेल्या लोकांच्या गाड्यांमध्ये चौदाचाकी घुसू नये, हे बरोबर आहे. पण अशी प्रत्येक अधिसूचना मी वाचते, कारण मला ती ड्रायव्हरला सांगावी लागते. त्यात गाडी कधी चालवायची नाही हे लिहिलेलं असतं. त्या वेळात ती कुठं उभी करायची हे एकाही अधिसूचनेत मी वाचलेलं नाही.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. दिवसाला आठ तासांच्या वर काम नको, असं त्यात होतं. पाचांपेक्षा कमी माणसं असलेल्या धंद्याला तो लागू नव्हता, आणि या रस्त्यावरचे बहुतेक गाडीमालक एक-दोन-चार गाड्यांचेच आहेत. तरीही मी माझ्या माणसांना सांगते, आठ तास झाले की थांबा. त्यांची तयारी असते. पण आठ तास भरतात तेव्हा गाडी कुठल्या तरी घाटाच्या तोंडाशी नाहीतर पुलाच्या भरावावर असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, त्याचं मी मनापासून स्वागत करते. उन्हाळ्यात केबिनमध्ये बसून बघितल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही. पण एसी चालवत झोपायचं तर इंजिन चालू ठेवावं लागतं आणि डिझेल जळतं. सावली, पाणी, संडास आणि उजेड असलेली चार एकर जागा मिळाली तर त्या डिझेलचीही बचत होईल.

यासाठी पैसा नाही असं कुणी म्हणू नये. देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांवर २०२४-२५ या एका वर्षात ६० हजार कोटींहून जास्त टोल जमा झाला. कोल्हापूरहून पुण्याला निघालेली गाडी किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर अशा चार ठिकाणी पैसे भरते, आणि बहुचाकी गाडीचा टोल कारच्या कित्येक पट असतो. डिझेलच्या प्रत्येक लिटरवर रस्त्यांसाठीचा उपकर आम्ही देतोच. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कारला तीन हजार रुपयांत दोनशे फेऱ्यांचा वार्षिक पास मिळाला. कारवाल्यांचा फायदा झाला, चांगलं झालं. आम्हाला तसा पास नको. आम्ही भरतो त्या पैशातून आमच्या माणसाला झोपायला जागा द्या, एवढंच मागणं आहे.

घोडं पेंड खातं ते वेगळ्याच ठिकाणी. महामार्गालगतच्या सुविधा केंद्रांचे ठेके बोली लावून दिले जातात. बोली लावणारा धंदा करायला आलेला असतो, त्याला दोष नाही. कारमधून उतरलेलं चार जणांचं कुटुंब तासाभरात त्याच्याकडं जेवढा खर्च करतं, तेवढा आमचा ड्रायव्हर आठवड्यात करत नाही. तो चहा घेतो, अंघोळ करतो, घरनं आणलेली भाकरी खातो आणि सहा तास पन्नास फूट जागा अडवून झोपतो. मग ठेकेदार कारसाठी फरशी घालतो, खाण्याची दुकानं काढतो आणि ट्रकसाठी मागच्या बाजूला चिखलाचा पट्टा सोडतो. पावसाळ्यात भरलेली गाडी तिथं रुतते. तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' नावाने ड्रायव्हरसाठी झोपायच्या खोल्या सुरू केल्या, कल्पना उत्तम आहे. पण खोलीत झोपायला जाताना पंधरा-वीस लाखांचा माल भरलेली गाडी पंपाबाहेर अंधारात सोडून जायचं धाडस कोण करेल?

म्हणून माझं म्हणणं असं की, गाडी थांबवायच्या जागेतून उत्पन्न निघावं ही अटच काढून टाका. रस्त्याच्या गटाराकडून आणि कठड्याकडून कुणी भाडं मागत नाही. ते रस्त्याचा भाग म्हणून बांधले जातात, त्यांचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात धरला जातो. थांब्याचाही तसाच धरावा, आणि देखभालीसाठी टोलमधून ठरावीक वाटा बाजूला काढावा. जिथं दिवसाला शंभर गाड्या येतात अशा कारखान्यांनाही यात वाटा उचलायला लावावा. नव्या कारखान्याला एमआयडीसीत भूखंड देताना, त्याच्याकडं येणाऱ्या गाड्या उभ्या करायची जागा त्याच्या कुंपणाच्या आत असलीच पाहिजे, अशी अट घालायला काय हरकत आहे?

जागा कुठं आणि किती हव्यात, यासाठी सल्लागार नेमून वर्ष घालवायचीही गरज नाही. फास्टॅगमध्ये सगळं आहे. तासवड्याला गाडी किती वाजता गेली आणि आनेवाडीला किती वाजता पोचली, यातलं अंतर बघितलं की कोण न थांबता गेलं, कोण मधे पाच तास थांबलं, हे कळतं. कुठल्या पट्ट्यात, रात्री किती वाजता, किती अवजड गाड्या उभ्या असतात, याचा अंदाज बसल्या जागी मिळेल. हा तपशील टोल वसूल करायला वापरता, मग नियोजनाला का नाही?

थांबा म्हणजे नुसती झोपायची सोय नाही, हेही सांगते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथं एकाच अपघातात चाळीसहून अधिक गाड्यांचा चुराडा झाला. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनरच्या धडकेनंतर आग लागून आठ माणसं गेली. दर वेळी ब्रेक फेल किंवा ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रल केली, असं छापून येतं. न्यूट्रल करणारे आहेत, मी नाकारत नाही. डिझेल वाचवायच्या नादात उतारावर गिअर काढणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही. पण भरलेली गाडी खंबाटकी उतरून, पुढं शिंदेवाडीचा चढ चढून बोगद्यात शिरते तोवर ब्रेकचे ड्रम किती तापले आहेत, हवेचं प्रेशर किती आहे, हे उतरून बघायला त्या पट्ट्यात जागा कुठं आहे? खेड-शिवापूर आणि बोगद्याच्या मधे अवजड गाड्यांसाठी सक्तीचा थांबा करा. दहा मिनिटं गाडी उभी राहू दे, चाकांना हात लावून बघू दे, तिथं एक मेकॅनिक बसू दे. वेगमर्यादेचे फलक आणि कॅमेरे लावलेत ते असू द्यात, पण तापलेला ब्रेक फलकानं थंड होत नाही.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला, तो आठवडाभर तसाच होता. जुलै २०२१ ला पुन्हा तेच. महामार्गाचा भराव पाणी अडवतो, तिथं खांबांवरचा पूल करा, ही मागणी आमच्या भागात कधीपासून होते आहे आणि ती खरी आहे. पण पूर आला तेव्हा किणीच्या पुढंपर्यंत उभ्या राहिलेल्या गाड्यांमधल्या माणसांचं काय झालं, ते मी जवळून बघितलं आहे. गल्लीतल्या बायका मिळून आम्ही भात-आमटीची पातेली करत होतो आणि पोरं ती गुडघाभर पाण्यातून गाड्यांपर्यंत नेत होती. एक तमिळनाडूचा ड्रायव्हर होता. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. गाडीत टोमॅटो. चौथ्या दिवशी गाडीखालून लाल पाणी गळायला लागलं. तो रोज फाळका उघडून आत बघायचा आणि परत लावायचा. जेवण नेणाऱ्या पोराला त्यानं खिशातले शंभर रुपये द्यायचा प्रयत्न केला. पोरानं घेतले नाहीत तर तो रडायलाच लागला. हजारो माणसं दिवसेंदिवस रस्त्यावर, आणि संडासाची सोय नाही. आसपासच्या गावांनी माणुसकी दाखवली म्हणून ते निभावलं. पावसाळा तर दरवर्षी येतोच. पाणी इशारा पातळीला आलं की गाड्या कराडच्या अलीकडंच आत घ्यायच्या, तिथं थोपवायच्या, यासाठी उंचावरची पक्की जागा आधीच तयार हवी. आपत्ती व्यवस्थापनाच्या पैशातून त्याला हातभार लागू शकतो.

नव्या रस्त्यांच्या घोषणा मात्र चालूच आहेत. २४ जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं शक्तिपीठ महामार्गासाठी २० हजार ७८७ कोटी मंजूर केले. आमच्या जिल्ह्यातले शेतकरी त्याला विरोध करत आहेत आणि माझं माहेर शेतकऱ्याचं असल्यानं त्यांचं दुःख मला कळतं. वाहतूकदार म्हणूनही मला तो रस्ता आज नको आहे. सांगली जिल्ह्यातल्या रांजणीच्या ड्रायपोर्टची घोषणा ऐकून किती काळ लोटला! ते झालं असतं तर आमच्या भागातले निर्यातीचे कंटेनर तिथं रेल्वेवर चढले असते आणि घाटातून जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कमी झाल्या असत्या. जे आहे ते नीट चालवायला पैसा कमी पडतो आणि नव्याला मिळतो, हे आम्ही वर्षानुवर्षं बघतो आहोत.

आता मुद्द्याचं. महामार्गाच्या कामाच्या करारात शेड्यूल-सी म्हणून एक भाग असतो. टोलनाका, बसथांबे, दिवे यांच्याबरोबर ट्रक ले-बाय, म्हणजे गाड्या बाजूला घ्यायच्या जागा, कुठल्या किलोमीटरला किती करायच्या, हे त्यात लिहिलेलं असतं. एका कामावरच्या इंजिनिअरनं हे मला समजावून सांगितलं. शेंद्रे-पेठनाका आणि पेठनाका-कागल या दोन्ही टप्प्यांचं शेड्यूल-सी लोकांसमोर ठेवा. त्यातल्या किती जागा झाल्या, किती बाकी आहेत, प्रत्येक जागी किती गाड्या मावतात, हे टोलनाक्यांवर मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लावा. जागा कमी पडत असतील, आणि पडतातच, तर वाढवायची वेळ आत्ता आहे. ठेकेदारांनी पुलांचे गर्डर (तुळया) ओतायला भाड्यानं घेतलेली यार्डं रस्त्यालगतच आहेत. तिथली जमीन सपाट आहे, मुरूम टाकून दाबलेली आहे, वीज आणि पाणी आलेलं आहे, अवजड वाहन आत-बाहेर करायला वाट आहे. काम संपलं की ती रिकामी होतील. शेतमालक राजी असेल तर योग्य दर देऊन तीच जागा कायमची घेता येईल, नाहीतर लांब मुदतीच्या भाड्यानं. खंबाटकीच्या नव्या बोगद्यातून सगळी वाहतूक सुरू झाल्यावर जुन्या वळणाच्या रस्त्याचं काय करणार, याचाही विचार आत्ताच व्हावा.

साताऱ्याचे, सांगलीचे आणि कोल्हापूरचे खासदार एकत्र बसले तर एका बैठकीत हे मार्गी लागू शकतं. भराव पूर्ण झाले, कडेला कठडे बसले आणि ठेकेदार यंत्रं घेऊन निघून गेला की याच जागांसाठी पुन्हा भूसंपादन, पुन्हा निविदा, पुन्हा मोजणी करावी लागेल. पेठनाक्यापासून कागलपर्यंत अजून माती पडते आहे. तेवढ्यात हा निर्णय व्हावा.

आपली,
एक ट्रान्सपोर्ट व्यावसायिक,
शिरोली पुलाची, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर